कडूकांद्याची टोपली

६ जानेवारी १९५७, आलापल्ली

सांगूनच टाकलं शेवटी! मोटारीतून उतरल्या उतरल्या, हातपाय धुवायच्या आधी. "होळीपर्यंत हिले धड रांधता नाई आलं, तर माहेरी पाठवून दे. तिच्या मायनं शिकवावं." सासूबाईनं सांगतलं ह्याइले, अन् ऐकवलं मले. अन् हे? वळकटी सोडत राह्यले.

लग्नानंतरचं पहिलं वर्ष बरं गेलं होतं, खोटं काऊन बोलू. मग काय बिनसलं देव जाणे. वरणात मीठ नाई, भाजीत जीव नाई, चहा आहे का गरम पाणी! परवा वरोऱ्याले त्याइच्याच नाकासमोर दूध करपलं, अन् बोलणी मले!

हे इथी सागाच्या लिलावाले आले. आमचं वरोऱ्याले पलंग-कपाटांचं दुकान. सासूबाई आल्या हवापालटाले — दीड वर्षाखाली मुदतीचा ताप आला, तवापासून त्याइचं अंगच भरत नाई. अन् मी? मी रांधायले. जिच्या हातचं नको, तिलेच चुलीपुढं बसवायचं!

७ जानेवारी

घरमालकीण रुखमाबाई लय खटपटी बाई आहे. दोन खोल्या आम्हाले दिल्या, वरून अर्धं अंगणही दिलं. सकाळी मी भात केला, गोळा झाला. आम्ही ज्वारीवाले, भाताचं आम्हाले काय कळते! रुखमाबाईनं झाकण उघडलं अन् म्हणते, "अव माय! हा भात होय का भिंत लिपायची माती?"

मले रडूच आलं. मग सगळं सांगून टाकलं — होळी, माहेर, सगळं. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. "रडतं काऊन वं? होळीले अजून लगित दिवस आहेत. उद्यापासून जेवणं झाले का माह्या चुलीपाशी येत जाय. ते सुलतानाही येते."

सुलताना म्हणजे शेजारच्या नूर मोहम्मद ड्रायव्हरची बायको. बल्लारशाची. तिलेही इथलं रांधणं येत नाई. देवा, शाळा सुटली तवापासून कोणी मले "ये, शिकवतो" म्हनलं नव्हतं!

९ जानेवारी

भात जमला! मोकळा, दाणा दाणा वेगळा. पेज कधी काढायची ते हाताले कळलं आता. अंबाडीची भाजीही केली. सुलतानानं तिच्या वाटीतली चाखली अन् डोळे मिटले. "वच्छलाबाई, क्या बात है! मले तं घरची याद आली."

सासूबाई म्हणाल्या, "आळणी." अन् वरून मिठाची चिमूट घेतली. एक नाई, तीन.

१० जानेवारी

आज कडूकांदा. जंगलातला कंद, वरून बटाट्यासारखा दिसते. पातळ चकत्या करायच्या, राख टाकून उकळायच्या, मग टोपलीत भरून दोन रात्री नाल्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या. तवा कुठी कडूपणा जाते. रुखमाबाईची कालची टोपली नाल्यात होतीच, आज आम्ही दुसरी ठेवली.

"घाई नाई करायची वं," ती म्हणाली. "पाण्याले त्याचं काम करू द्यायचं."

उद्या मी एकटीनं रांधणार आहे. सासूबाईसाठी!

११ जानेवारी

काय लिहू!

कडूकांद्याची भाजी केली — लसूण, तिखट, वरून जवसाची पूड. सासूबाईले पहिलं ताट वाढलं. त्याइनं सगळी खाल्ली. दुसऱ्यांदा मागतली! म्हणाल्या, "मीठ कमी आहे. बाकी ठीक." ठीक! दीड वर्षात पहिल्यांदा! मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून हसली.

मग मी जेवायले बसली. पहिला घास तोंडात घातला अन् थुंकला. कडू जहर! टोपलीच चुकली माझी. रुखमाबाईची समजून मी आमची एका रात्रीची उचलली. ह्याइनं एक घास घेतला अन् लोटाभर पाणी पेले. "हे काय रांधलं?"

अन् सासूबाईनं दोनदा खाल्ली! हूं नाई, चूं नाई. माझी लाज झाकाले ते जहर गिळलं त्या बाईनं. मी काय काय बोलत होती त्याइच्याबद्दल, ह्याच वहीत! आज निजताना त्याइचे पाय चेपले. त्या म्हणाल्या, "आज काय झालं तुले?" मी चेपतच राह्यली.

१२ जानेवारी

रुखमाबाईले सांगतलं, तर ती पोट धरून हसली. "उकळलेला होता, काई होत नाई. बैलानंही नसता खाल्ला, पण!" मग मी म्हनलं सासूबाईनं दोनदा घेतला, तशी तिचं हसू थांबलं.

"दोनदा? तोंड वाकडं नाई केलं?"

"नाई."

"तिले मोठा ताप आलता, म्हनलं ना तू?" ती राखेत काडीनं रेघा मारत बसली. "माह्या मामेसासऱ्याचं असंच झालतं वं. ताप उतरला, जीभ घेऊन गेला. नाकही गेलं. गूळ द्या का माती द्या, त्याले सारखंच."

ते करपलेलं दूध! त्या तीन तीन चिमटी मीठ! पहिल्या वर्षी ह्याच सासूबाई माझ्या हातचं खाऊन बोटं चाटत होत्या!

"पण सांगत काऊन नाई मग?" मी म्हनलं.

"कसं सांगन? अख्खा वरोरा जिच्या हातचं नाव काढते म्हणतं, ते सांगन का, मले चवच नाई येत म्हणून?"

घरी येईपर्यंत मी पेटली होती. दीड वर्ष रडवलं मले! माहेरी पाठवाले निघाल्या! आज ह्याइले सांगते, म्हणजे एकदाचा निकाल लागन. ठरवूनच दारात पाय टाकला.

सासूबाई चुलीपाशी संक्रांतीचे तीळ भाजून राह्यल्या होत्या. कढई नाकाजवळ नेली, डोळे मिटले, ओढून वास घेतला. पुन्हा घेतला. मग डोळे उघडून तिळाचा रंग पाह्यला अन् कढई उतरवली. त्याइले वाटलं, कोणी पाहत नाई.

हे म्हणाले, "काय वं, काई सांगायचं होतं?"

"नाई," मी म्हनलं. "हातपाय धुवा, जेवायले वाढते."

१३ जानेवारी

सासूबाईनं नवीनच काढलं. उद्या संक्रांत. रुखमाबाईच्या घरच्याइले अन् लिलावाच्या लोकाइले जेवायले बोलावलं. पाटवडीचा रस्सा — स्वतःच्या हातानं! "पाहू दे त्याइले, वरोऱ्याचं रांधणं काय असते ते."



१४ जानेवारी, संक्रांत

रस्सा उकळला. सासूबाईनं मीठ टाकलं, हलवलं, पुन्हा टाकलं. मग पूजेले गेल्या. मी बोट बुडवून चाखलं. निव्वळ मिठागर!

खोटं नाई लिहीत, घडीभर मी तशीच उभी राह्यली. मले काईच करायचं नव्हतं. रस्सा तसाच वाढला असता तर चार लोकांत सगळं आपोआप उघडं पडलं असतं, अन् माहेरची गोष्ट तिथंच मिटली असती. पण मले ते तिळाची कढई नाकाशी नेणं दिसत राह्यलं. मी कणीक भिजवली, गोळे रश्यात सोडले, आधणाचं पाणी ओतलं, चिंच घातली. गोळ्याइनं मीठ ओढलं, तसे ते काढून घेतले. चाखलं. जमलं! रुखमाबाई, तुझे उपकार कसे फेडू वं, तुझ्याच चुलीपाशी माझी जीभ भानावर आली.

लोक बोटं चाटत जेवले. सुलतानाचा डबा भरून दिला, तर तिनं निरोप पाठवला, "रस्सा और है क्या?" लिलावातले एक भाऊ म्हणाले, "बाई, अशी पाटवडी उभ्या जन्मात नाई खाल्ली!" सासूबाईचं तोंड असं फुललं, तापानंतर मी कधी पाह्यलं नव्हतं.

शेवटी आम्ही दोघी बसलो. सासूबाईनं वाटीत घास बुडवला, अन् थांबल्या. कणकेचा एक गोळा राहून गेला होता. नेमका त्याइच्याच वाटीत! त्याइनं तो बोटानं दाबून पाह्यला. खारट रश्यात कणकेचा गोळा कशाले सोडतात, हे त्याइले कोणी सांगायची गरज आहे का? त्याइनं माझ्याकडे पाह्यलं. मी खाली पाह्यलं. मग त्याइनं तो गोळा पोळीखाली सरकवला अन् जेवत राह्यल्या.

मले झोप लागते का नाई कोणास ठाऊक.

१५ जानेवारी

सकाळी हे बाहेर गेल्यावर सासूबाईनं मले चुलीपाशी बोलावलं. पळीतल्या वरणाचा थेंब माझ्या तळहातावर टाकला. म्हणाल्या, "पाह्य वं, मीठ."

मी चाटलं. म्हनलं, "चिमूटभर पाहिजे."

त्याइनं चिमूटभर टाकलं, अन् पुन्हा पळी माझ्यापुढं धरली.