निळ्या सोफ्यातली ओल

६ ऑक्टोबर
आलो एकदाचा नाशकात! लासलगावच्या एसटीतून उतरलो तेव्हा खांद्याला एक बॅग आणि डोक्यात एकच गोष्ट, काम शिकायचं आणि हर्षालीला दाखवून द्यायचं. सातपूरला नईमभाईंचा गाळा आहे, सोफे, गाद्या, पडदे धुवायचा. वरची पत्र्याची खोली माझी. नईमभाई मालेगावचे. कॉलेज मधेच का सोडलं म्हणून विचारलं. खरं ते सांगून टाकलं : कॅन्टीनमध्ये एक जण हर्षालीबद्दल वाकडं बोलला, त्याचं नाक फोडलं. ते इतके हसले की ठसका लागला. तेव्हापासून मी रोहितचा ‘पहलवान’ झालो.

९ ऑक्टोबर
आधी कोरडं व्हॅक्यूम. मग औषध मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून बघायचं. डाग कडेकडून आत पुसत यायचं, नाहीतर पसरतो. आणि पाणी कमी! आज नईमभाईंनी माझ्या हातातला ब्रश काढूनच घेतला. पहलवान, डागाशी कुस्ती नको खेळू, त्याला मनव, म्हणाले. आतला फोम भिजला की वर्षानुवर्षं जिरलेलं सगळं वाळता वाळता वर येतं.
हर्षालीला ब्रशसकट फोटो पाठवला. तिने बघितला. उत्तर नाही.

१४ ऑक्टोबर
गंगापूर रोडवरून तीन सीटचा मोरपंखी मखमली सोफा आला. मालक धनराज पुण्याला असतो. आई गेली, आता सोफा धुऊन विकायचाय. उजव्या सीटला बसून बसून पडलेला खड्डा, वर पाठीला डोकं टेकल्याचा तेलकट गोल. टेम्पोवाला सांगत होता, त्या विमलाबाई दिवसभर तिथंच बसायच्या, मोबाइल मांडीवर घेऊन. मुलाच्या फोनची वाट बघत. गेल्या त्याही तिथंच. चौथ्या दिवशी दार तोडलं.
नईमभाई म्हणाले, हा तुझा. भाऊबीजेपर्यंत नीट करून दाखव, मग मशीन घेऊन एकटा घरोघरी जा. म्हणजे मी शिकलो! हे हर्षालीला सांगायचंय. फोन करून. तिने उचलला तर.

१६ ऑक्टोबर
माती खाल्ली. सकाळी हर्षालीचं स्टेटस बघितलं, मैत्रिणींबरोबर कुठंतरी हसतेय, आणि मला एक शब्द लिहायला वेळ नाही. डोकं फिरलं. बादलीभर शॅम्पूचं पाणी उजव्या सीटवर ओतलं आणि घासत सुटलो. नंतर मशीनने ओढायला घेतलं तर काळं पाणी संपेचना. अर्धा तास, पाऊण तास. येतंच होतं.
नईमभाईंना सांगितलं नाही. पंखा लावून ठेवलाय.

१९ ऑक्टोबर
नईमभाई सुट्टीला मालेगावला गेले, किल्ल्या माझ्याकडे. दिवाळीला घरी जा की रे, म्हणाले. कॉलेज सोडलं म्हणून अण्णांनी घरात तोंड दाखवू नको म्हटलंय, हे त्यांना कुठं सांगू. सोफा लांबूनच बघून झकास म्हणाले.
उजवी सीट खरंच कोरडी झालीय. खड्डाही भरलाय.
मधली ओली आहे. तिला मी पाणी लावलंच नव्हतं.

२० ऑक्टोबर
चार्जिंगचा पॉइंट डाव्या सीटपाशी, म्हणून तिथंच बसून डबा खाल्ला. मधल्या सीटवर खड्डा पडलाय. हाताने मखमलीची लव फिरवून सपाट केला. चहा घेऊन आलो तर परत तसाच. पाठीलाही आता गोल उमटलाय. खोबरेल तेलाचा वास.
भ्यायला हवं होतं. त्याऐवजी मी बोलत बसलो. हर्षालीबद्दल, अण्णांबद्दल, सगळं. घर सोडल्यापासून कोणी माझं इतकं ऐकून घेतलं नव्हतं.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
आसपासचे सगळे गाळे बंद. भर दुपार, तरी गाळ्यात गार लागतंय. ओल माझ्या सीटच्या कडेपर्यंत आलीय. पुढे चार बोटांसारख्या रेघा. पांढरा टॉवेल दाबून धरला. उचलला तर कोरडा. माझी उजवी बाही मात्र ओली —
नवा शर्ट घालून तिथंच बसलो, फोटो काढला, हर्षालीला पाठवला. शुभ दीपावली. बस, एवढंच.

२२ ऑक्टोबर, पाडवा
आलं! तिचं उत्तर आलं! पहिलं —
‘छान दिसतोयस रे. शेजारी आजी कोण? तुझ्याकडेच बघतायत. थांब, फोन करते.’

फोटो उघडत नाही. उजवीकडे मान वळवत नाही. उठायचं म्हटलं तर बाही कुठंतरी अडकल्यासारखी —

वाजतोय. हर्षालीच. फोन मधल्या सीटवर आहे. मी तिथं ठेवला नव्हता —

थांबला वाजायचा. कट नाही झाला. कोणीतरी उचलला.
म्हातारीचा, भरून आलेला आवाज — बोल बाळा, किती दिवसांनी —
पलीकडून हर्षाली विचारतेय, रोहित आहे का? हॅलो, रोहित आहे ना तिथं?

मी आहे. मी इथंच — तोंड उघडतोय तर घशातून पाणीच, काळं —

म्हातारी तिला सांगतेय, रोहित ना, तो आता