अध्यक्षांची टाळी

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नसल्याने त्यातले एक अंग वजा समजावे). तुझी मान कशी आहे? खुर्चीत तासभर एका बाजूला कलंडली की दुखायचीच. त्या विषयाकडे येतोच आहे.

व्याख्यान समितीची अध्यक्ष म्हणून तू धाडलेला खलिता पोचला. लेखी माफी माग, नाहीतर सभागृहात पाऊल टाकू नकोस, म्हणतेस. मागणार नाही. सख्ख्या बहिणीकडे तर मुळीच नाही.

तुमच्या 'विज्ञान आणि समाज' मालेतले एकही व्याख्यान मी चुकवलेले नाही. रविवारचे प्राध्यापक म्हणाले, कोणाच्याही शब्दावर विसंबू नका, स्वतः पडताळून पाहा. (आमच्या न्यायदर्शनातही प्रत्यक्ष, म्हणजे स्वतः पाहिलेले, हेच पहिले प्रमाण, माणूस मला एकदम घरचा वाटला.) आणि लगेच म्हणाले, मोबाईलमुळे तरुणांचे अवधान गेले, जुनी पिढी मात्र तासन्‌तास एकाग्र बसते. मी मागे वळून पाहिले. शेवटच्या रांगांतली पोरे मोबाईल उंच धरून टक्क जागी. पुढे आपली पिढी समाधिस्थ. आणि व्यासपीठावर, ताई, तू. मी उभा राहून अत्यंत नम्रपणे एवढेच म्हणालो, "सर, पडताळून पाहू या. जे जागे आहेत त्यांनी हात वर करावेत."

माझ्या आवाजाने तू दचकलीस, आणि भाषण संपले असे समजून टाळ्या वाजवू लागलीस. आता, अध्यक्षांनी टाळी वाजवली की सभा संपली, हा नियम तूच घालून दिलेला! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शिपायाने दिवे लावले, चहाची किटली आत आली, आणि प्राध्यापक उरलेले भाषण पोटात घेऊन उभेच. वर चहाचा कप हातात धरून तूच मला चारचौघांत झापलेस, "अरे, प्रश्न विचारतात की दवंडी पिटतात?"

ताई, प्रयोग त्यांनी सांगितला, मी केला, तू यशस्वी केलास. यात माफी नेमकी कोणी मागायची, हे समितीने ठरवावे. मी खुर्ची सोडणार नाही.

तुझाच,
धाकटा

ता. क. उरलेल्या भाषणासाठी त्यांना पुन्हा बोलावलेस, असे भावोजींकडून कळले. पुढच्या रांगेतली माझी खुर्ची राखून ठेव. प्रश्न तयार आहे.

ता. ता. क. तेवढ्यात एक कर. मागच्या पोरांनी पहिला अर्धा भाग मोबाईलवर घेतला आहे, तो मागवून पाठव. प्राध्यापकांच्या त्या दोन वाक्यांच्या आधी माझाही जरा डोळा लागला होता. तुलाच विचारले असते, पण उपयोग काय?