सायकलची घडी कुणी मोडली

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणायचं एवढंच. उजवा खांदा वर जात नाही, कंबर खाली जात नाही, तेव्हा सध्या जे काही करतो ते उभ्यानेच.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला थांबला, की अजून शेजारी त्यावर घड्याळ लावतात? इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? परवा सकाळी सव्वासातला मी जो आ वासला तो अजून मिटलेला नाही. घास तेवढा त्यातून आत जातो. तू आधी बसून घे आणि मग पुढे वाच.

मी सायकल घेतली. हो, मीच. तू हसलीस ते इथवर ऐकू आलं. माझ्या अकराव्या वर्षी तू मागून सीट धरली होतीस, मग मला न सांगता सोडलीस, आणि मी थेट न्हाव्याच्या दुकानात शिरलो. खुर्चीतल्या गृहस्थांची नुसती दाढी चालली होती, माझ्या धडकेने अर्धी मिशीही गेली. तेव्हापासून मी सायकलच्या वाटेला गेलो नाही, हे फक्त तुला माहीत आहे. मग आता घेतली कशाला? ताई, घडीसाठी घेतली. तीस वर्षं छापखान्याच्या बाइंडिंगखात्यात कागद मोडतो आहे, चांगली घडी पाहिली की मला भरून येतं. मोठ्या कागदाला तीन घड्या घातल्या की सोळा पानांचा फर्मा होतो. दुकानदाराने माझ्यासमोर त्या सायकलला तशाच तीन घड्या घातल्या. मागचं चाक पोटाखाली सरकलं, पुढचं त्याच्या शेजारी येऊन टेकलं, हँडल मान टाकून बाजूला पडलं, आणि सायकल होती तिथे एक गाठोडं उभं! कोपऱ्याला कोपरा, एक सूतही इकडेतिकडे नाही. चाकं म्हणशील तर जेवणाच्या ताटाएवढी. (आमच्या वरच्या मजल्यावर भूगोलाचे निवृत्त मास्तर राहतात. त्यांनी जिन्यात पाहून विचारलं, मोठी झाल्यावर केवढी होईल?) मी जागच्या जागी विरघळलो, आणि दुकानदार ‘चालवून बघा’ म्हणायच्या आत ती उचलून बाहेर पडलो.

आता तू म्हणशील, चालवता येत नाही तर तिचं करतोस काय? उचलतो. न चालवता बाळगता येईल अशी ही एकच सायकल आहे, ताई. साधी सायकल हातात धरून चालत निघालं की येणारा जाणारा थांबवून विचारतो, पंक्चर का? घडी घातलेली सायकल उचलून चाललं की कुणी काही विचारत नाही, उलट बाजूला होऊन वाट देतात. सकाळी ही (म्हणजे तुझी भावजय) खिडकीत उभी असते, म्हणून हेल्मेट चढवून, पँट मोज्यात खोचून मी सायकल कोपऱ्यापर्यंत ढकलत नेतो. गल्लीत गर्दी असते, पुढे गेल्यावर बसतो, असं सांगून ठेवलं आहे. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाआड घडी घालतो आणि तिथून छापखान्यापर्यंत अडीच किलोमीटर ते साडेअकरा किलोचं लोढणं वाहून नेतो. संध्याकाळी तेच उलट. घामाघूम होऊन घरी आलो की ही कौतुकाने पाणी देते. दोन महिन्यांत पोट आत गेलं, सगळे म्हणतात सायकलिंगचा गुण. घोळ एकच झाला. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, ते रस्त्यावर घासून जातात. माझ्या टायरचे दोन महिन्यांनीही जसेच्या तसे. शेवटी जेवणाच्या सुट्टीत पुठ्ठा कापायच्या सुरीने मी दोन्ही टायरांची गुळगुळीत दाढी केली.

छापखान्यात तर माझा भाव असा वधारला की विचारू नकोस. माझ्यासारखी घडी दुसऱ्याला घालता येत नाही, हातच त्यात मुरलेला. मालकांनी घड्याळ लावून पाहिलं, सोळा सेकंद! तेव्हापासून कुणी पाहुणा आला की मालक मला शिलाईच्या टेबलावरून उठवतात आणि मी घडी घालून, उलगडून दाखवतो. चालवून दाखवा म्हटलं की कधी ब्रेक नवे असतात, कधी माझं जेवण नुकतंच झालेलं असतं. लोक सल्ला विचारतात. चाक लहान म्हणजे पाय जास्त मारावे लागत असतील ना? मी गंभीर चेहऱ्याने सांगतो, ते ज्याच्या त्याच्या पायावर आहे. माझ्या शब्दाखातर तिघांनी तसली सायकल घेतली, आणि ते तिघेही ती खरोखर चालवतात! मला तर हा निव्वळ आगाऊपणा वाटतो.

तर परवा. खांदा इतका धरला होता की रजा टाकली. सकाळी चहासाठी हाक मारली तर घरात कुणी नाही. दाराआडची सायकलही नाही. चोराने सायकल आणि बायको दोन्ही नेली असं वाटून खिडकीकडे धावलो आणि बघतो तर काय, ही! तुझी भावजय, वय बावन्न, सव्वीस वर्षांत जी माझ्यासमोर कधी स्टुलावरसुद्धा चढली नाही, ती माझ्या सायकलवर बसून गल्लीच्या टोकाकडून येत होती. नुसती येत नव्हती, एका हाताने येत होती. दुसऱ्या हातात भाजीची पिशवी! दुधाच्या गाडीला वळसा घालून, घंटी वाजवून, भूगोलाच्या मास्तरांकडे बघून मान हलवून ती दारासमोर टुणकन उतरली आणि बघता बघता तीन घड्या घातल्या. मी मनात मोजत होतो. चौदा सेकंद! नव्या कपड्याची घडी दुसऱ्याने मोडली तर माणूस चार दिवस धुसफुसतो. इथे माझ्या सायकलची घडी हिने माझ्या डोळ्यांदेखत मोडली होती, आणि परत घातलीही होती.

तुला सायकल येते? असं कसंबसं विचारलं, तर पिशवीतले टोमॅटो काढता काढता म्हणते, “लग्नाआधी टेलिफोन ऑफिसात रोज सायकलवरूनच तर जायचे. बाबांच्या घरी भिंतीला टेकवलेली ती कुणाची वाटली तुम्हाला?” ताई, तुला आठवत असेल. लग्नाचं बोलायला आपण दोघं त्यांच्याकडे गेलो होतो. भिंतीपाशी सायकल दिसली. मला वाटलं सासऱ्यांची असणार, म्हणून छाप पाडायला मी आपणहून सांगितलं की मीही रोज सायकलवरच कामाला जातो, कधीकधी दोन्ही हात सोडून. तू शेजारी बिस्किट खात होतीस आणि तुझ्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. (तो उपकार मी विसरलेलो नाही.) मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं हिला विचारलं. “तुम्ही विचारलंत कधी?” एवढंच म्हणाली आणि ओट्याकडे वळली. ते मला फार लागलं, कारण खरंच कधी विचारलं नव्हतं.

पण खरा दणका पुढेच आहे. हिने दुकानदाराकडे तशीच दुसरी सायकल सांगितली आहे. ती शनिवारी येते, आणि रविवारी सकाळी आम्ही दोघांनी दोन सायकलींवरून तळ्यापर्यंत जायचं आहे. नऊ किलोमीटर! मास्तरांनी नकाशासुद्धा काढून दिला आहे, चढ कुठे कुठे ते लाल शाईने. ही इतकी खुशीत आहे की काम करताना गुणगुणते, आणि हे मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकतो आहे. अशा बाईला कोणत्या तोंडाने सांगू की तुझा नवरा पहिल्या भेटीपासून थापा मारतो आहे? लाजेने मरायची पाळी आली आहे. रात्री डोळा लागला की तळं दिसतं, आणि त्यात मी.

बाकी ठीक. भाऊजींना नमस्कार सांग, गुडघ्यांना शेक देत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. ख्यालीखुशालीसाठी पत्र लिहिलं खरं, पण मुद्दा असा की तू गुरुवारी इकडे ये. गुडघे इथल्या डॉक्टरला दाखवायचे आहेत असं हिला सांगू. छापखान्यामागचं गोदाम मोकळं आहे, भिंतींना कागदाचे गठ्ठे लावलेले आहेत, कुठेही आपटलो तरी बेताचंच लागेल. दोन दिवसांत मला सायकल शिकव. या वेळी सीट सोडण्याआधी सांग.

आणखी एक. हे पत्र पेटीत टाकायला हिच्याच हाती देतो आहे, कारण ती आता कोपऱ्यावरसुद्धा सायकलनेच जाते. तू काळजी करू नकोस. पाकीट मी स्वतः खळ लावून, पट्टीने दाबून चिकटवतो आहे. बाइंडरने चिकटवलेलं फाडल्याशिवाय उघडत नाही.

वन्संना माझा नमस्कार. पाकीट फाडलं नाही. खळ वाफेवर सुटते, हे इतकी वर्षं बाइंडरच्या घरात राहून मला कळलं आहे. तुमच्या भावाला सायकल येत नाही हेही मला पहिल्या भेटीपासून माहीत आहे. तुम्हीच मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगितलं होतंत, की त्याला येत नाही, पण तुला येते हे त्याला कधी कळू देऊ नकोस, बिचारा खजील होईल. मी तुम्हाला शब्द दिला आणि लग्नाआधीच माझी सायकल धाकट्या बहिणीला देऊन टाकली. सव्वीस वर्षं शब्द पाळला. परवा ते झोपले होते, त्यांची सायकल दाराआड उभी होती, आणि मला राहवलं नाही. (घडी घालायला त्यांना दोन महिने बघून बघूनच शिकले.) वन्सं, गल्लीच्या टोकापर्यंत जाताना मी रडत होते. आता माझा शब्द मला परत द्या. गुरुवारी तुमच्यासमोर मी त्यांना सगळं सांगणार आहे, तुमचं नाव घेऊन. तेव्हा गुरुवारी नक्की या. सायकल मी शिकवीन, तुम्ही त्यांच्या रागाचं काय ते बघा.