मोटारीची झूल

तीर्थस्वरूप भावोजींना मेव्हण्याचा वाकून नमस्कार.

आपली प्रकृती ठणठणीत असेल, ताईचा गुडघा तिला जिना चढू देत असेल आणि मोटार आल्यावर मालकांनी आपल्याला देऊन टाकलेली घोड्यांची जोडी पोटभर खात असेल, अशी आशा आहे. (जोडीची चौकशी आपली रीत म्हणून केली. मी आता ड्रायव्हर आहे, घोड्यांशी माझा काही संबंध उरलेला नाही.)

मोटार दिसायला देखणी आहे, पण बनली थंड देशात. मालकांनी कंपनीला लिहिताना आपल्याकडचे रस्ते म्हणजे नुसतं लोणी, असं दडपून कळवलं (बाईसाहेबांनी डोळे वटारले, पण शाई वाळली होती), त्यामुळे ती इतकी बुटकी आली की फाटकासमोरच्या पहिल्याच खड्ड्यात पोटावर बसली. आत पाय शेकायची पेटी आहे. आपल्याकडच्या उन्हात तिची गरज कोणाला, पण पैसे मोजलेत म्हणून मालक पाय तिच्यावरच ठेवतात. त्यातून पुढच्या महिन्यात त्यांचे व्याही येणार. असली गाडी या हवेत नुसती पुसून ठेवायची, असं ते लग्नात चारचौघांत म्हणाले होते आणि ते मालकांच्या जिव्हारी लागलंय. व्याह्यांना स्टेशनवरून मोटारीतून आणता आलं नाही, तर मोटारही विकीन आणि तुलाही नारळ देईन, असं त्यांनी मला स्वच्छ सांगितलंय. भावोजी, मला रात्री झोप लागत नाही.

आता झालेला घोटाळा सांगतो. (ताईला वाचून दाखवताना हा भाग गाळा.) मोटारीबरोबर तिच्या नाकावर घालायचं एक जाड चामडी पांघरूण आलं होतं. मी म्हटलं, ही झूल. पहिल्याच फेरीत तिच्या तोंडातून वाफा निघाल्या. घामेजलेलं जनावर एकदम उभं करू नये, अंगावर झूल टाकून हळूहळू फिरवावं, हे मला कोणी शिकवायला नको. मी झूल घट्ट बांधली आणि तिला अंगणात सावकाश फेऱ्या घालत राहिलो. तिसऱ्या फेरीला असा आवाज झाला की बाईसाहेबांच्या हातातली परात खाली पडली. ते पांघरूण म्हणे बर्फात इंजिन गार पडू नये म्हणून वापरायचं असतं. हे त्यावर लिहायला काय झालं होतं?

मग शहरातून फिटर आला. त्याने मोटारीला उंच केलं, पाण्याचं पिंप चढवलं, जास्तीची चाकं बांधली, वाळूत घालायला फळ्या दिल्या. सगळं इतकं चोख झालं की मालकांना बसायला जागा उरली नाही. शेवटी पिंपाला टेकून, मांडीवर चाक घेऊन ते बसले आणि आम्ही चाचणीला निघालो. ओढ्याच्या वाळूत ती रुतली, तेव्हा एका गाडीवानाने बैल लावून आम्हाला घरापर्यंत ओढत आणलं. इंजिन बंद, त्यामुळे वाफ नाही, खडखड नाही. मांडीवरच्या चाकाआडून मालकांना बैल दिसलेच नाहीत आणि वाटेतच गाढ झोप लागली. बैल सोडून नेल्यावर ते दारात जागे झाले आणि म्हणाले, आज पहिल्यांदा पैसे वसूल झाले. मला सांगायचा धीर झाला नाही.

बाकी सर्व क्षेम. ताईला नमस्कार.

आपला मेव्हणा

ता. क. काल मालकांना खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, व्याह्यांसमोर बैल नकोत, घोडे शोभतील. तेव्हा महिनाभरासाठी जोडी पाठवावी. पिंप काढायला घेतलंय.

आणखी ता. क. जोडीतल्या घोडीला मोटारीचं कळू देऊ नका, ती मानी आहे, यायची नाही. मी बोलावलंय म्हणून सांगा. तिच्यावाचून मला करमत नाही.