ऐकायचं कसं, हे शिकवणार मी

३ मार्च, सोमवार. सकाळी ९
रागात लिहितोय, म्हणून अक्षर असं. बावीस वर्षं समुपदेशन करतोय, आणि आज संचालकबाई सांगतात, परक्या मुलखातून आलेल्या क्लायंट्सशी कसं वागावं याचं ट्रेनिंग नव्या सहा जणांना द्या, "पण आधी जरा स्वतः वाचून घ्या." वाचून घ्या! मला!
संकल्प : एक पान वाचणार नाही. माणूस इथूनतिथून सारखाच.

४ मार्च
पहिली स्लाइड : नजरेला नजर. जो खाली बघतो, तो काहीतरी लपवतो. लगेच एका मुलीचा हात वर. (हिचं नाव मी 'शंका' ठेवलंय.) म्हणे, आमच्या घरी मोठ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोललं तर उद्धट समजतात. म्हटलं, घरचं घरी ठेवा. त्यावर सहाही जण खाली बघू लागले. म्हणजे लपवतच होते. सिद्ध झालं.

५ मार्च
बायकोला सगळं सविस्तर सांगायला घेतलं. ती मधेच गॅस बंद करायला गेली ती आलीच नाही. या घरात कुणाला ऐकायची सवयच नाही.

६ मार्च. दुपारी ४
प्रात्यक्षिक. खरी क्लायंट. लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाई, पन्नाशीच्या. वर्षापूर्वी इकडे आल्या. दोन महिन्यांपूर्वी तिकडे बहीण वारली, यांना जाता आलं नाही. तेव्हापासून धड जेवत नाहीत, कामात इस्त्री हातात घेऊन नुसत्या उभ्या राहतात. दोन कपडे जळाले. मालकाने पाठवलं.
दुभाषीला बजावलं, मागे बसा, हळू बोला, लुडबूड नको. दुःखाच्या पायऱ्या फळ्यावर काढून चाळीस मिनिटं समजावल्या. बाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. शंभर टक्के सहमती! शेवटी दुभाषीला विचारलं, काय म्हणतायत?
"विचारतायत, समुपदेशक कधी येणार?"
दुभाषीचं भाषांतर कच्चं आहे. लेखी तक्रार करणार.

७ मार्च
हद्द झाली. त्याच बाई आज व्हरांड्यातल्या बाकावर. एका बाजूला शंका, दुसऱ्या बाजूला दुभाषी. अपॉइंटमेंट नाही, फॉर्म नाही, काही नाही. दीड तास! बाई बोलत होत्या, रडत होत्या, मग चक्क दोन बिस्किटं खाल्ली. शंकाने म्हणे एवढंच विचारलं, तुमच्याकडे माणूस गेलं की काय करतात? आणि गप्प बसली. याला ट्रेनिंग कशाला लागतं? कुणीही करेल.
तडक संचालकबाईंकडे गेलो. आवाज थोडा चढला असेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, सोमवारच्या सेशनला तुम्ही शंकाशेजारी बसा. बघायला.
मी! बघायला!
संकल्प : बसेन. पण तोंडातून अवाक्षर काढणार नाही. मग कळेल, माझ्यावाचून सेशन कसं चालतं ते.

९ मार्च, रविवार
तक्रारीचा मसुदा. नऊ पानं. बायकोला वाचून दाखवणार होतो. ती बाहेर गेलीये.

१० मार्च
तोंड मिटून बसलो. वीस मिनिटं. घड्याळ लावून. बाई बहिणीबद्दल सांगत होत्या. दोघी मिळून केस विंचरायच्या वगैरे. सेशन माझ्यावाचून बरं चाललं होतं. मग त्या थांबल्या, माझ्याकडे बघून दुभाषीला काहीतरी म्हणाल्या. विचारत होत्या, हे साहेब एवढे रागावलेत, यांचंही कुणी गेलंय का?
म्हटलं, छे, कुणी नाही. एक मुलगा आहे, दुसऱ्या शहरात असतो. चौदा महिने फोन नाही. शेवटचं म्हणाला, "बाबा, तुम्ही माझं एक वाक्य तरी पुरं होऊ दिलंत का?" एवढंच सांगून थांबणार होतो.
पाऊण तास झाला. दुभाषी सगळं सांगत होती, एकही शब्द न गाळता. शंकाने टिश्यूचा डबा सरकवला, माझ्याकडे. बाई ऐकत होत्या.
निघताना त्यांनी परत काहीतरी विचारलं. मला वाटलं, पुढची वेळ मागतायत.
मागतच होत्या. पुढच्या सोमवारी मला यायला जमेल का, म्हणून.
जमेल म्हणालो.