माझ्या एकट्याच्या फोनवर आलेलं वारं

४ मार्च
पुन्हा फोन वाजला. ‘जोराचं वारं येतंय. होड्या सोडू नका.’ धावत किनाऱ्यावर गेलो, एक चप्पल वाटेतच राहिली. माझा मुलगा ओबुरा निवांत होडीतलं पाणी उपसत होता. आभाळ स्वच्छ. बाजूच्या होडीवरून मगाक म्हणाला, "म्हातारबा, वारं तुमच्या खिशातूनच सुटतं वाटतं."
सगळे हसले. ओबुरासुद्धा.

५ मार्च
अपोंदीला रागावलो. ओबुराची ही मुलगी किसुमू शहरात संगणक शिकून आली. मच्छीमार संघासाठी काहीतरी बनवतेय — हवामानाचा इशारा आला की प्रत्येक होडीवाल्याच्या फोनवर निरोप जायचा. मग सगळे निरोप माझ्याकडे कसे?
तिनं समजावलं. काम अजून घरच्या लॅपटॉपवर आहे. सेटिंगच्या दोन फाइली — एक घरची, एक बाहेरची. घरची चालू असली की निरोप कोणाच्याही नावानं निघो, येतो माझ्याच फोनवर. चाचणीचा खोटा इशारा लोकांना जायला नको म्हणून.
आणि माझी झोप उडाली तर चालते?
"आजोबा, ती तशीही उडालेलीच असते."
खरं आहे. पण बाहेरची लावायची विसरलीस तर? दोनदा विचारलं. म्हणाली, काम सुरू झालं की तुमचा फोन गप्प. तुमची होडीच नाही, यादीत नाव कुठून येणार?

१९ मार्च
उद्घाटन. काम किसुमूच्या मोठ्या मशीनवर चढलं. अध्यक्षांचं भाषण, तळलेला मासा, मक्याच्या पिठाची उगाली. अपोंदीनं एक निरोप सोडला — सगळ्यांचे खिसे एकदम वाजले! माझा नाही. फार बरं वाटलं.

२६ मार्च
अपोंदी नोकरीच्या मुलाखतीला नैरोबीला गेली. कुणाचा तरी नंबर चुकला होता, तो बस येईपर्यंत थांब्यावरच दुरुस्त केला. मांडीवर लॅपटॉप, खांद्याला पिशवी. घरचं सगळं उचलून पुन्हा त्या मशीनवर चढवलं म्हणाली. फाइलीचं विचारलं तर, "आजोबा, बस सुटेल हो."


२७ मार्च
दुपारी फोन वाजला. माझा! जोराचं वारं. अपोंदीचा फोन बंद, ती मुलाखतीत. लॅपटॉप मिटलेला असणार. मग पाठवतंय कोण? जातो.

संध्याकाळ.
किनाऱ्यावर कोणालाच निरोप नव्हता. घरची फाइल, बाहेरची फाइल — सांगू लागलो, तोंडात सगळा गुंता झाला. मगाक दोर सोडत म्हणाला, आज पुन्हा खिसा फाटला का? मी ओबुराच्या होडीत चढलो आणि इंजिनाला मिठी मारून बसलो.
"बाबा, उतरा. लोक बघतायत."
"बघू देत. मला उचलून पाण्यात टाक, मग जा."
त्यानं उचललं नाही. वाळूत माझ्याकडे पाठ करून बसला. मगाक आणि त्याचा जोडीदार ओतुओमा निघून गेले.
मग पाणी काळं झालं. मासे वाळवायच्या जाळ्या उडाल्या. ओबुरा उठून माझ्याजवळ आला.
मगाकची होडी अजून आलेली नाही.

२८ मार्च
मगाक सापडला, उलट्या होडीला धरून. ओतुओमा नाही.

३० मार्च
अपोंदी आली. लॅपटॉप उघडून पाहिला. दुरुस्तीबरोबर घरची फाइलही चढली होती. इशारा खरा होता, आला माझ्या एकट्याकडे.
जेवली नाही. उठून ओतुओमाच्या घरी गेली. मी मागोमाग, दारातच थांबलो. तिनं त्याच्या आईला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. म्हातारीनं तिच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "हे आता नीट करून ठेव."

३१ मार्च
अपोंदीनं बाहेरची फाइल लावली. सगळ्यांचे फोन वाजवून पाहिले. माझा गप्प.

११ एप्रिल
दुपारी किनाऱ्यावरचे फोन एकदम वाजले, दारात बसून ऐकले. निरोप बघायला कोणी खिशात हात घातला नाही. दोर हातात तसाच धरून मगाक माझ्या दाराशी आला.
"म्हातारबा, तुम्हाला आलाय का?"
माझा फोन मांडीवर होता, गप्प.
"आलाय," मी म्हणालो.