शेपटीवाला आर

रास अल खोर, दुबई
शुक्रवार, १२ मार्च २०१०

प्रिय अक्रम,

नाव ठेवण्याआधी एकदा विचारलं असतंस तर तुझी जीभ झिजली असती काय? नाव माझं आहे, माझ्या आधी माझ्या आजोबांचं होतं, रस्त्यावर पडलेलं नव्हतं. आणि सांगायलासुद्धा तू पुढे आला नाहीस, रशीदाभाभीच्या हातात फोन दिलास. ती बिचारी खुशीत सांगत होती, याकूबभाय, मुलगा झाला, हे हट्टच धरून बसलेत की नाव तुमचंच ठेवायचं, नाव ठेवायचा अकिका तुमचं उत्तर आल्यावर करू. मागे तू खोकलास ते मला ऐकू आलं. तेरा महिन्यांत तुझा आवाज ऐकला तो एवढाच.

फोन मीही केला असता. पण फोनवर तू हसतोस आणि समोरचा माणूस विषय विसरतो, हर्णैला होतो तेव्हापासूनचं तुझं हे. कागदावर तुला हसता येणार नाही म्हणून लिहितोय. सातवी नापासाचं अक्षर आहे, चुका काढत बसू नकोस.

तूच मला इथे आणलंस हे मी विसरलेलो नाही. त्या वेळी भंगाराच्या यार्डात सळयांचे डोंगर होते, ट्रक उभे करायला जागा नसायची. मग मंदी आली, क्रेन जागच्या जागी थांबल्या, लोखंडाचा भाव कोसळला, आपला दोन महिन्यांचा पगार अडकला. तेव्हा आपल्याला जगवलं कुणी, तर त्या स्कॉटलंडच्या म्हाताऱ्या साहेबाने. फौजेतून रिटायर, आणि शौक काय, तर उखळी तोफेचे रिकामे गोळे जमवायचे. परदेशी भंगारात एखादा निघायचा, रीतसर परवानगीच्या कागदावर तो विकत घ्यायचा. फ्यूज दाखवा म्हणाला तेव्हा मी लाइटच्या बोर्डाकडे धावलो होतो, आठवतं? त्याला गोळ्याच्या नाकावरचं पितळी टोपण हवं होतं. आणि निळ्या गोळ्यांवरचं 'इनर्ट' तू वाचून दाखवलंस, तर मला वाटलं कंपनीचं नाव. म्हटलं, एवढा माल काढते, मंदीत हीच कंपनी टिकणार, आपण इथेच अर्ज करू. तू हसून हसून पोत्यावर आडवा झालास. मग सांगितलंस, इनर्ट म्हणजे मेलेला, सरावाचा, आत काही नसलेला.

वाचायचं तू, बघायचं मी, अशी वाटणी होती आपली. मला इंग्रजी अक्षरं येत नव्हती पण वस्तू वाचता यायला लागल्या. शेपटीचे पंख किती, गळ्याला पट्टी कशी, पोटावर ठोकलेले आकडे कुठे. साहेब म्हणायचा, ह्याचे फक्त डोळे शाळेत गेलेत. खात्रीच्या एका नगाला दीडशे दिरहम द्यायचा, तेव्हाचे साडेएकोणीसशे रुपये. आणि ज्याची खात्री नाही त्याला हात लावायचा नाही, आपला फोरमन सूर्यकांतदादा पोलिसांना फोन करणार, हा नियम. ह्या नियमावर मी तुझ्याशेजारी बिनघोर बसत होतो.

तो गुरुवार तुला सांगायला नको, पण सांगतो. ढिगात एक गंजलेला निघाला, निशाणी काही नाही. मी मान हलवली आणि बाजूला लाल फडकं टाकलं. उद्या सुट्टी, शनिवारी पोलिसांना बोलावतो, दादा म्हणाला. शनिवारी सकाळी येऊन बघतो तर फडक्याजवळ काही नाही आणि माझ्या बाकावर निळा गोळा. विचारलं, तर म्हणालास, तो पोलिस घेऊन गेले, खलास, हा दुसरा, कंटेनरच्या तळाला सापडला, बघ, इनर्ट लिहिलंय, साहेब दहाला येतोय, यल्ला, चल, ब्रश मार. मी तो गुडघ्यांत धरला आणि तारेचा ब्रश चालू केला. तू म्हणालास, चहा आणतो.

अक्रम, दीड वर्षात तू एकदाही चहा आणला नव्हतास.

थोड्या वेळाने माझ्या हाताला निळं लागलं. फौजेचा रंग असा हाताला येत नाही, म्हणून अक्षरांकडे बघितलं. मला इंग्रजी येत नाही, पण एक अक्षर येतं. अब्बांच्या होडीवर, 'राहत'वर, इंग्रजीत नाव तूच रंगवलं होतंस, सोळा वर्षांचा असशील. पहिलं अक्षर आर. त्याच्या पायाला सुरमईच्या शेपटीसारखा वर वळलेला फटकारा दिलास आणि अब्बा म्हणाले, पोराच्या हातात बरकत आहे. मी पुढे आठवडाभर वाळूत तेवढंच एक अक्षर काढत बसायचो. फौजेची अक्षरं साच्यातली, सरळ असतात. माझ्या गुडघ्यांतल्या आरला शेपटी होती.

तो गुरुवारचाच गंजलेला गोळा खाली कसा ठेवला ते मला आजही आठवत नाही. गेटपर्यंत चालत आलो ते आठवतं. तू रस्त्यापलीकडे दोन कप घेऊन उभा होतास. चहावर साय धरली होती. म्हणजे बराच वेळ उभा होतास. मी तुझ्याकडे बघितलं आणि तू कपाकडे बघितलंस.

पोलिसांनी विचारलं, रंग कुणी मारला. मी म्हटलं, माहीत नाही, असाच आला. दादाने माझ्या निळ्या हाताकडे बघितलं आणि रंग मीच मारला असं धरलं. आठव्या दिवशी तू सुट्टीवर गेलास आणि गेलास तो गेलासच. त्यानंतर मी दोन नोकऱ्या सोडल्या, फिरून ह्याच यार्डात आलो. एका जागी बूड टिकत नाही म्हणून तू चिडवायचास ना, आता खरंच टिकत नाही. कुणी चहा आणतो म्हणालं की मी उठून उभा राहतो. लोक हसतात.

आता हे का लिहितोय ते. साहेब डिसेंबरात कायमचा घरी गेला. जायच्या आधी मला शोधत आला आणि सांगून गेला की तो गोळा रिकामा होता, तपासणीत आत काही निघालं नाही. तीन महिने हे तुला कळवलं नाही, म्हटलं, जळू दे थोडा. आज कळवतोय, पण त्याने तू सुटलास असं समजू नकोस. गोळा रिकामा होता, पण ते तुला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तू माझ्याशेजारी बसला असतास. नाव ठेव, पोराचा काय गुन्हा. फक्त आधी भाभीला चहाची गोष्ट सांग, सगळी, दोन कपांसकट. गोळ्यावर खोटं अक्षर काढून मला फसवलंस, आता पोरावर माझं नाव रंगवून स्वतःला फसवू नकोस. मुलाच्या अकिक्याला दोन बकरे लागतात. दुसरा तू आण, गोष्ट सांगून झाल्यावर. पहिला माझा, म्हणून रोल्लाच्या एक्स्चेंजमधून भाभीच्या नावावर पाठवतोय, तीनशे दिरहम, म्हणजे साडेबाराच्या भावाने तीन हजार सातशे पन्नास रुपये.

त्याचाच,
थोरला याकूब